आधी निवारा, मग निवाडा

वकिलासमोरच्या खुर्चीत बसल्यावर बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘मला घटस्फोट हवाय’ किंवा ‘काही झालं तरी मी घटस्फोट देणार नाही.’ थोडं बोलणं झालं की खरे प्रश्न बाहेर येतात. माहेरी भावाच्या दोन खोल्यांत किती दिवस काढायचे? जूनमध्ये शाळेची फी कोण भरणार? मुलगी आईबरोबर गेली, महिनोन्‌महिने दिसली नाही, तिला भेटायचं कसं? यांपैकी एकाही प्रश्नाच्या उत्तरासाठी घटस्फोटापर्यंत थांबावं लागत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा आणि विवाहविच्छेद या चार गोष्टी कायद्याने वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांचे अर्ज वेगळे, कधी न्यायालयंही वेगळी आणि वेगही वेगळा. लढवलेला घटस्फोटाचा दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. राहण्याचा, अंतरिम पोटगीचा किंवा मुलांच्या भेटीचा हुकूम त्याच्या कितीतरी आधी मिळवता येतो, आणि मधली सगळी वर्षं त्या अंतरिम हुकमावरच निघतात. म्हणून या लेखातला क्रमही तोच आहे. आधी छप्पर, मग खर्च, मग मुलं. नातं ठेवायचं की तोडायचं, हे त्यानंतर.

लग्न कोणत्या कायद्याखाली झालं?

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांना १९५५चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. ख्रिस्ती विवाहांना १८६९चा घटस्फोट कायदा, पारशी विवाहांना १९३६चा कायदा, तर आंतरधर्मीय किंवा ‘स्पेशल मॅरेज’ पद्धतीने झालेल्या लग्नांना १९५४चा विशेष विवाह कायदा लागू होतो. मुस्लिम स्त्रीला १९३९च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाह रद्द करून घेता येतो. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९च्या कायद्याने निरर्थक ठरवला असून तो गुन्हाही आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. मांडवात विधिवत लग्न करून नंतर महापालिकेत नोंद केली, की लोक त्याला ‘रजिस्टर मॅरेज’ म्हणतात. महाराष्ट्रातली अशी नोंद १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. तिने तुमचा वैयक्तिक कायदा बदलत नाही. प्रमाणपत्राच्या डोक्यावर कोणत्या कायद्याचं नाव छापलंय, ते पाहून घ्या.

पुढे येणारे दोन कायदे मात्र धर्म विचारत नाहीत. एक, २००५चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा. दुसरा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं प्रसिद्ध कलम १२५. ही नवी संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या कलमाखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४च्या निकालात स्पष्ट केलं आहे. १९८५च्या शाहबानो खटल्यापासून चालत आलेला हा वाद होता.

छप्पर

‘घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?’ हे वाक्य ऐकून अनेक बायका एका पिशवीनिशी बाहेर पडतात. २००५च्या कायद्यात ‘सामायिक घर’ अशी कल्पना आहे. सून जिथे संसार करून राहिली ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सांगितलं. याचा अर्थ घराची मालकी सुनेला मिळते असा नाही. कायदेशीर मार्गाखेरीज तिला बाहेर काढता येत नाही, एवढा तो हक्क आहे. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काचाही न्यायालय विचार करतं. एकत्र राहणं शक्य नसेल, तर नवऱ्याला दुसरीकडे तशाच दर्जाची जागा द्यायला किंवा भाडं भरायला सांगितलं जाऊ शकतं.

या कायद्यात हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं हेही त्यात येतं. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही अर्ज करता येतो. संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई, सगळं एकाच अर्जात मागता येतं. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. तुम्ही सध्या तात्पुरत्या जिथे राहता, तिथल्या न्यायालयातही तो चालतो. सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत तो करता येतो आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. संरक्षणाचा हुकूम मोडणं हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

तातडीची वेळ असेल तर ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर फोन करावा. पोलिसांचे भरोसा सेल अनेक ठिकाणी समुपदेशन करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरला. तिथे मदत जरूर घ्यावी. मात्र पोलीस ठाण्यात लिहून दिलेला समेटाचा कागद हा न्यायालयाचा हुकूम नसतो. ‘महिन्याला इतके पैसे देईन’ असं तिथे लिहून दिलं आणि पुढे दिले नाहीत, तर नुसत्या त्या कागदावर वसुली होत नाही.

खर्च

पोटगीचे दरवाजे अनेक आहेत. घटस्फोटाचा किंवा दुसरा वैवाहिक दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर कलम २५खाली कायमची पोटगी मिळते. ही दोन्ही कलमं नवऱ्यालाही खुली आहेत. कमावत्या बायकोकडून निराधार नवरा पोटगी मागू शकतो. कोणताही दावा नसताना, लग्न मोडायचंही नसताना, बायको, मुलं आणि म्हातारे आईवडील कलम १४४खाली अर्ज करू शकतात. शिवाय हिंसाचाराच्या कायद्याखालचा खर्च वेगळा. एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करता येतात, पण आधीच्या हुकमाची माहिती पुढच्या न्यायालयाला द्यावी लागते आणि रकमांची वजावट होते. ती लपवली तर आपलीच विश्वासार्हता जाते.

किती मिळेल? ‘पगाराच्या एक चतुर्थांश’ असं सर्रास सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात २५ टक्के योग्य मानले होते हे खरं, पण तो सगळ्यांना लागू असलेला दर नव्हे. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलांचा खर्च, आजारपण, नवऱ्यावर अवलंबून असलेले आईवडील, लग्नाची वर्षं, बायकोने संसारासाठी सोडलेली नोकरी, हे सगळं पाहून रक्कम ठरते. बायको कमावते म्हणजे तिचा हक्क आपोआप संपला, असंही नाही. ती पदवीधर आहे आणि कमवू शकते, यात आणि ती आज खरोखर कमावते, यात न्यायालयं फरक करतात. उलट, धडधाकट नवऱ्याने ‘माझी नोकरी गेली’ म्हटलं म्हणजे तो सुटत नाही. मजुरी करूनही बायको-मुलांना पोसण्याची जबाबदारी त्याची आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये अंजू गर्ग प्रकरणात बजावलं.

या विषयातला सगळ्यात उपयोगी निकाल ४ नोव्हेंबर २०२०चा, रजनीश विरुद्ध नेहा. त्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात द्यायचं. दुसरी, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हुकमाच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे ‘बघू, दिवाळीनंतर अर्ज करू’ म्हणणाऱ्याचे मधले महिने बुडतात.

प्रतिज्ञापत्रावरच बरंच काही ठरतं, म्हणून त्याची तयारी नीट करा. पगारदाराच्या पावत्या मिळवणं सोपं असतं. अडचण येते ती धंदेवाल्याची आणि शेतकऱ्याची. तिथे सातबारा आणि आठ-अचा उतारा, साखर कारखान्याचं ऊसबिल, डेअरीच्या पावत्या, ट्रॅक्टरचं किंवा गाडीचं कर्ज, दुकानाचा परवाना, जीएसटीची नोंद हे बोलके कागद असतात. ‘महिन्याला आठ हजार मिळतात’ म्हणणारा माणूस पंधरा हजारांचा हप्ता भरत असेल, तर न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नाही. आपला खर्चही मोघम लिहू नका. भाडं, किराणा, औषधं, रिक्षा, शिकवणी असं वेगवेगळं मांडा. फुगवलेला आकडा उलटतपासणीत फुटतो आणि खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत, तर वसुलीचा अर्ज करावा लागतो. कलम १४४खाली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज करायचा असतो. ‘देईल कधीतरी’ म्हणून दोन-तीन वर्षं थांबणाऱ्यांची जुनी बाकी या मुदतीत अडकते. थकवणाऱ्यावर वॉरंट निघतं आणि दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पोटगी देणाऱ्यालाही एक सल्ला. नोकरी गेली किंवा मोठं आजारपण आलं, तर परस्पर पैसे बंद करू नका. रक्कम कमी करण्यासाठी ताबडतोब अर्ज करा आणि तोवर जमेल तेवढं देत राहा. देणं कायम बँकेतूनच करा. रोख दिलेले पैसे पुढे सिद्ध करता येत नाहीत.

‘नांदायला ये’ची नोटीस

पोटगीचा अर्ज गेला की बऱ्याचदा समोरून ‘नांदायला ये’ अशी नोटीस किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९खालचा दावा येतो. घाबरून सासरी धावत जाऊ नका आणि नोटीस कपाटातही टाकू नका. मुदतीत उत्तर द्या. का निघून आलात, कोणत्या अटींवर परत जायची तयारी आहे, ते स्पष्ट लिहा. असा दावा नवऱ्याच्या बाजूने झाला आणि त्यानंतर वर्षभर एकत्र राहणं घडलं नाही, तर तो घटस्फोटाला आधार होतो. मात्र तेवढ्यावरून पोटगी आपोआप जात नाही. परत न जाण्याला सबळ कारण असेल तर बायको पोटगीला पात्र राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितलं आहे.

मुलं

ताब्याच्या भांडणात आईवडील आपापला हक्क मांडतात. न्यायालय पाहतं ते मुलाचं हित. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ आणि पालक व पाल्य कायदा १८९० या दोन्हींत तीच कसोटी आहे. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं, असं १९५६चा कायदा म्हणतो. ‘सहसा’ म्हणतो, ‘नेहमीच’ नाही. त्या वयानंतर मूल आपोआप बापाकडे जातं, हा गैरसमज आहे. बाप हाच पहिला नैसर्गिक पालक, ही जुनी समजूतही सर्वोच्च न्यायालयाने १९९९च्या गीता हरिहरन निकालात सैल केली.

हित म्हणजे काय? मुलाचा रोजचा दिवस कोण सांभाळतं, शाळा, तब्येत, भावंडं एकत्र राहतात का, घरात भांडण-दारू आहे का, दुसऱ्या पालकाशी नातं टिकवण्याची तयारी कोणाची आहे, हे सगळं त्यात येतं. आईचा पगार कमी आहे, एवढ्यावरून ताबा नाकारला जात नाही. मुलाचा खर्च देण्याचा हुकूम बापावर होऊ शकतो. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात बोलतात. त्याचं म्हणणं ऐकलं जातं, पण तोच निकाल नसतो. आदल्या रात्री पढवलेलं मूल त्यांना सहज ओळखू येतं.

ताब्याचा अर्ज मूल सामान्यतः जिथे राहतं, तिथल्या न्यायालयात करायचा असतो. म्हणूनच काही जण रातोरात मुलाला दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या शाळेत घालतात. हा डाव बहुतेकदा अंगाशी येतो. कारण दुसऱ्या पालकापासून मूल तोडलं, ही गोष्ट पुढे प्रत्येक सुनावणीत विरोधात वाचली जाते. जिवाला धोका असेल तर जरूर निघा, पण निघाल्यावर लगेच न्यायालयात अर्ज करून तसं का केलंत ते नोंदवा.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क मिळतो. सुरुवातीला बहुधा न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकाच्या नजरेसमोर. मग रविवारी काही तास, पुढे मुक्काम, सुट्टीतले दिवस, सणांची वाटणी. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये यशिता साहू प्रकरणात व्हिडिओ कॉलवरून नियमित बोलण्याचा हक्कही अधोरेखित केला. भेटीचा हुकूम मागताना ‘वेळोवेळी भेटू द्यावं’ असं लिहून घेऊ नका, ते पुढे कोणालाच बांधत नाही. वार, वेळ, जागा, मुलाला आणायचं-सोडायचं कोणी, गणपतीचे दिवस कोणाकडे, उन्हाळी सुट्टीचा कोणता अर्धा कोणाचा, परीक्षेच्या आठवड्यात काय, हे सगळं लिहा.

दोन गोष्टींची सांगड कधीच घालू नका. पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवायची नाही. दोन्हींच्या वसुलीला आणि अंमलबजावणीला स्वतंत्र अर्ज आहेत. ताब्याचा निकाल कधीच कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून घेता येतो. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा असतो. तडजोडीत आई तो सोडून देऊ शकत नाही आणि बापही विकत घेऊ शकत नाही.

घटस्फोट

आता नातं. आधी नकारात्मक यादी. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेली सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नाही. अशा कागदावर विसंबून दुसरं लग्न केलेल्यांचं ते लग्न रद्दबातल ठरतं, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ अशा रूढीला मान्यता देतं. पण ती रूढी प्राचीन आणि अखंड आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नाही. जातपंचायतीने बसून ‘मोकळं’ केलं म्हणजे कायद्याने मोकळं होत नाही. तिचा निवाडा न मानणाऱ्यांना वाळीत टाकणं हा महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे.

परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात १९७६मध्ये आला, कलम १३-ब म्हणून. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. नवरा-बायको म्हणून न नांदता एकाच छपराखाली काढलेले दिवसही यात धरले जाऊ शकतात. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहून संमती कायम असल्याचं सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं २०१७च्या अमरदीप सिंग निकालात ठरलं. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालं असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी-ताब्याचं सगळं मिटलं असेल, तर ती मागणी करावी. हुकूम होईपर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

म्हणूनच तडजोडीचा मसुदा, ज्याला वकील ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात, तो काळजीपूर्वक लिहावा. एकरकमी रक्कम असेल तर किती पहिल्या तारखेला, किती शेवटच्या, डिमांड ड्राफ्टने की खात्यात. दागिने कोणते, कधी, कोणासमोर परत. गृहकर्जाचे हप्ते कोणाचे. संयुक्त खातं, लॉकर, विमा आणि पीएफचे वारस. मुलाचा पासपोर्ट. मुलाच्या शिक्षणाची वाढती फी. एकमेकांवरचे सगळे खटले कधी मागे घ्यायचे. सासरच्या छळाचा गुन्हा नोंदलेला असेल, तर तो नुसत्या तडजोडीने मिटत नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यासाठी हजर राहण्याची अट मसुद्यातच घाला.

एकाने नकार दिला, की लढवलेला दावा. त्याची कारणं कलम १३मध्ये आहेत: व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, बरा न होणारा गंभीर मनोविकार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं वगैरे. कुष्ठरोग हे कारण २०१९मध्ये वगळलं गेलं. लग्नाला एक वर्ष होण्याआधी, असामान्य हाल सोडले, तर अर्जच करता येत नाही. ‘आमचं पटत नाही’ किंवा ‘लग्न मोडकळीला आलंय’ हे कारण या कलमात नाही. तेवढ्यावर लग्न संपवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, असं १ मे २०२३च्या शिल्पा शैलेश निकालाने स्पष्ट केलं. कौटुंबिक न्यायालयात तुम्हाला क्रूरता किंवा परित्याग शाबितच करावा लागतो. हुकूम मिळाल्यावरही अपिलाची मुदत संपल्याखेरीज पुनर्विवाह करू नका.

आणखी एक मोठा गैरसमज मालमत्तेचा. घटस्फोट झाला की निम्मी मालमत्ता बायकोची, असं महाराष्ट्रात नाही. फ्लॅट ज्याच्या नावावर, त्याचा. बायकोने हप्ते भरले असतील तर बँकेचे उतारे हाच तिचा आधार. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचं. लग्नात आणि पुढेही तिला मिळालेले दागिने सासरच्यांकडे ‘सांभाळायला’ दिले, म्हणून त्यांचे होत नाहीत. गोव्यात चित्र वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. गोव्यात लग्नाची नोंद केलेल्यांनी महाराष्ट्रातल्या अनुभवावरून सल्ला घेऊ नये, तिथल्याच वकिलाला विचारावं.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठीही थोडं. इथे हिंदू पद्धतीने लग्न झालं आणि नवऱ्याने अमेरिकेत एकट्याने, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर घटस्फोट घेतला, तर तिथली प्रक्रिया न स्वीकारलेल्या बायकोवर तो इथे बंधनकारक नसतो. १९९१च्या नरसिंह राव निकालाने हे ठरवलं. मुलांच्या बाबतीत, पळवून नेलेली मुलं परत पाठवण्याच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही. परदेशी न्यायालयाच्या ताब्याच्या हुकमाचा इथे विचार होतो, पण इथली न्यायालयं मुलाचं हित स्वतः तपासतात.

न्यायालयात पाऊल टाकताना

मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला आणि इतर काही मोठ्या शहरांत १९८४च्या कायद्याखालची कौटुंबिक न्यायालयं आहेत. बाकी ठिकाणी हे घटस्फोटाचे दावे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे आणि पोटगीचे अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातात. कौटुंबिक न्यायालयात आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवलं जातं. ते समेटासाठी जबरदस्ती करत नाहीत, आणि तिथलं बोलणं पुरावा म्हणून वापरलं जात नाही. त्यामुळे मोकळेपणाने बोला. संसार जुळला नाही तरी भेटीच्या वेळा, दागिने, फी असे छोटे तंटे तिथे सुटतात.

समन्स घ्यायला नकार देणं किंवा तारखेला न जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. निकाल एकतर्फी लागतो, आणि तो उठवायला पुन्हा वेगळा अर्ज, वेगळा खर्च. दावा दूरच्या गावी असेल तर बदलीचा अर्ज करता येतो. बायकोला तर ती राहते तिथेच दावा करण्याची मुभा २००३पासून आहे.

पैशाअभावी थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींतल्या पुरुषांनाही तो हक्क आहे, आणि इतर पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याची विधी सेवा समिती किंवा १५१०० हा क्रमांक, कुठेही विचारा. घटस्फोट, पोटगी, हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने १९९४च्या अधिसूचनेने महिलांना कोर्ट फी माफ केली आहे.

पुराव्याबद्दल एवढंच. मेसेज आणि रेकॉर्डिंग ज्या फोनवर आहे तो फोन जपा, विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. नवरा-बायकोचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये म्हटलं. पण दुसऱ्याच्या फोनमध्ये चोरून शिरणं किंवा खोटी खाती उघडणं, यातून आपल्यावरच गुन्हा ओढवतो. आणि रागाच्या भरात समाजमाध्यमांवर लिहिलेलं प्रत्येक वाक्य समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये जाऊन बसतं.

पहिल्या भेटीला जाताना

लग्नपत्रिका, फोटो, नोंदणीचं प्रमाणपत्र, दोघांचे आधार-पॅन, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या पावत्या, वर्षभराचे बँक उतारे, दवाखान्याचे कागद, दागिन्यांची बिलं, आणि तारीखवार लिहिलेली एक-दोन पानांची हकिगत सोबत न्या. बिलं नसतील तर दागिने अंगावर असलेले लग्नाचे फोटो. मूळ कागद स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या.

वकिलाला विचारायचं ते असं: मला आज कोणता अंतरिम हुकूम मिळू शकतो? त्यासाठी कोणत्या न्यायालयात जायचं आणि का? फी एकूण किती, तारखेला किती? समोरून काय आरोप येतील, आणि त्यातलं खरं काय, हे मी तुम्हाला आत्ताच सांगू का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा वकील निवडा आणि त्याच्यापासून काही लपवू नका. ‘तीन महिन्यांत मोकळं करतो’ अशी हमी पहिल्याच भेटीत देणाऱ्याकडे वकीलपत्रावर सही करू नका. आणि तडजोडीचा मसुदा कोर्टाच्या व्हरांड्यात हातात आला, तर तो घरी नेऊन, विश्वासातल्या माणसाला वाचायला देऊन, मगच सही करा. त्यासाठी पुढची तारीख मागितली तर ती मिळते.